लॅम्पबाबूचं ‘कायले?’

लॅम्पबाबूनं पहिल्याच दिवशी आमची सगळ्यांची इज्जत काढली.

त्याच्या घरापुढच्या छपरीत आम्ही वीस-बावीस जण सतरंजीवर बसलो होतो. बहुतेक मॅंगनीजच्या खाणीतून रिटायर झालेले, आणि जे वारले त्यांच्या बाया. मोबाईलवर लोक कसे फसवतात ते शिकवतो म्हणून त्यानं बोलावलं होतं. चहा मिळेल म्हणून आम्ही गेलो होतो. तो उभा राहिला, दुपट्ट्यानं चष्मा पुसला आणि पुढं बसलेल्या माणसाकडं बोट केलं.

“तुह्या एटीएमचा पिन. शून्य तीन चार शून्य.”

त्या माणसाच्या तोंडातला तंबाखूचा खर्रा तसाच राहिला.

“शेवंताबाई, तुमचा शून्य शून्य आठ आठ. नवऱ्याचाच ठेवला तुमी.”

शेवंताबाईनं पदर तोंडावर घेतला.

“अन् तू,” माझ्याकडं न बघताच तो म्हणाला, “शून्य चार एक सात.”

मागून कोणीतरी हळूच बोललं, “याले जादूटोना येते का बे?”

जादू काहीच नव्हती. खाणीत माणसाला वर नाव असतं, खाली नंबर. आमच्या वेळी प्रत्येकाला पितळेचं गोल टोकन मिळायचं, त्यावर आपला नंबर ठोकलेला. माझा चारशे सतरा. एकतीस वर्षं मी तो नंबर रोज बोललो आहे, स्वतःचं नावसुद्धा इतक्या वेळा बोललो नसेन. मग बँकेतली पोरगी म्हणाली की बाबा, चार आकडे असे ठेवा जे तुम्ही विसरणार नाही. खाणीचा माणूस दुसरं काय ठेवणार? टोकन नंबर, चार आकडे होईतो पुढं शून्य लावून. प्रत्येकाला वाटत होतं, ही अक्कल फक्त आपल्यालाच सुचली.

“मी लॅम्परूमच्या खिडकीत जिंदगी काढली,” लॅम्पबाबू म्हणाला. “तुमचे सबके नंबर मले पाठ आहेत. उद्या माह्या डोक्यात चोर शिरला त तुमची पेन्शन मी अठीच बसून खाऊन टाकीन. बदला.”

सगळे हसले. मी हसलो नाही. माझा त्याच्यावर जुना राग होता, आणि तो राग सांगायचा तर खिडकीपासून सांगावं लागेल.

लॅम्परूम म्हणजे खाणीच्या तोंडाशी असलेली खोली. तिथं टोपीला लावायच्या बत्त्या चार्ज होत आणि लॅम्पबाबू त्या वाटत असे. पाळीवर जाताना खिडकीत टोकन द्यायचं, नंबर बोलायचा, चेहरा दाखवायचा. तो टोकन आपल्या नंबरच्या खिळ्याला टांगायचा आणि बत्ती हातात द्यायचा. वर आलो की बत्ती परत, टोकन परत, आणि तो मोठ्यानं ओरडायचा, “चारशे सतरा वर!” म्हणजे ज्याचं टोकन खिळ्याला टांगलेलं आहे तो माणूस अजून जमिनीच्या पोटात आहे, हे लांबूनही दिसायचं. एकाची बत्ती दुसऱ्याला कधीच मिळायची नाही. सख्ख्या भावाला नाही. एकदा साहेबाचा माणूस कोणाची तरी बत्ती मागायला आला. लॅम्पबाबूनं विचारलं, “कायले?” म्हणजे, कशाला? माणूस गेला, साहेब स्वतः आला. “साहेब, कायले?” साहेब लाल होऊन परत गेला. बत्ती काही मिळाली नाही.

ते त्याचं कायमचं होतं. “आधी कायले, मंग काय.” लग्नाच्या पत्रिकेत टाकायला कोणी त्याच्या बापाचं नाव विचारलं तरी, “कायले?” किराणा दुकानात मोबाईल नंबर मागितला तरी, “कायले? मीठ का फोनवर येते?”

एकदा पाळी सुटली, सगळे वर आले, आम्ही पाय धुवत होतो. लॅम्पबाबू खिडकीतून ओरडला, “अठ्ठ्याऐंशी खाली आहे!” मुकादम म्हणाला, गेला असेल घरी, टोकन न्यायला विसरला असेल. लॅम्पबाबू खोलीतून बाहेर आला, जो कधी येत नसे, आणि म्हणाला, “टोकन खिळ्याले आहे. मानूस खाली आहे. कोन जाते?” मी गेलो. शेवंताबाईचा नवरा खाणीच्या जुन्या गल्लीत छाती धरून पडला होता. त्याला पाठीवर घेऊन वर नेणाऱ्या पिंजऱ्यापर्यंत आणलं. त्यानंतर तो पाच वर्षं जगला. गावात माझं नाव त्या दिवसापासून आहे. लॅम्पबाबूचं कोणी घेत नाही, आणि खरं सांगायचं तर मीही कधी घेतलं नाही.

जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर काही वर्षांनी मी रिटायर झालो. शेवटच्या दिवशी खिडकीत म्हणालो, “बाबू, हे टोकन मले राहू दे. पोराले दाखवीन.”

“टोकन कंपनीचं.”

“एकतीस साल माह्या खिशात होतं.”

“खिसा तुहा. टोकन कंपनीचं.”

मी ते खिडकीत फेकलं. पुढं कित्येक वर्षं त्याच्याशी बोललो नाही. मी चौथी पास नाही, पण माझा शब्द मी मोडत नाही.

आता त्याची उलटी तऱ्हा ऐका. खाणीत मशीनची कार्डं आली तेव्हा जुनी टोकनं भंगारात गेली. हा माणूस, तोवर स्वतःही रिटायर झालेला, तुमसरच्या भंगारवाल्याकडं गेला आणि पोतंभर टोकनं वजनावर विकत घेऊन आला. खिळ्यांचा लाकडी फळाही आणला. तो फळा छपरीच्या भिंतीला लावला, एकेक टोकन चिंचेनं घासून ज्याच्या त्याच्या खिळ्याला टांगलं आणि मग शिकवणी सुरू केली. जो पिन बदलेल आणि त्याच्या परीक्षेत पास होईल, त्यानं आपलं टोकन घरी न्यावं. तोपर्यंत, तो म्हणायचा, तुमी खालीच आहा.

परीक्षा कधी होणार हे तो सांगत नसे. पानठेल्यावर सहज बोलता बोलता एकाला विचारलं, “तुह्या मायचं माहेर कोन्तं रे?”

“डोंगरी.”

“फेल.”

“आँ? कावून?”

“बँकेवाले पासवर्ड विसरला त हेच इचारतात. कायले पायजे, हे इचारलं का तू?”

अशा त्याच्या रीती. आधारची झेरॉक्स कोणाला द्यायची तर तिच्यावर लाल पेनानं आडवं लिहायचा, ‘फक्त गॅससाठी’, खाली तारीख. दवाखान्याच्या चिठ्ठीवरचं नाव-पत्ता फाडून चुलीत. एटीएममध्ये हातावर दुपट्टा टाकून असा वाकायचा की बाहेरच्याला वाटावं, म्हाताऱ्याला उलटी होते आहे. आणि आम्हाला मोबाईल शिकवणाऱ्या या माणसाजवळ स्वतःचा मोठा मोबाईल नव्हताच. बटनाचा होता. “ज्याले सबके नंबर पाठ, त्यानं असा डब्बा ठेवू नये,” म्हणायचा. सगळं बँकेच्या भिंतीवरचे कागद वाचून आणि बँकेतल्या साहेबाचं डोकं खाऊन शिकला होता. त्याच्या बटनाच्या फोनवर कोणी ‘सर, मैं बैंक से बोल रहा हूँ’ म्हटलं की हा शांतपणे म्हणे, “जयभीम. कायले?” समोरचा दोन मिनिटांत फोन ठेवून देई.

एक गोष्ट तो कधीच करत नसे. दुसऱ्याच्या मोबाईलला हात लावत नसे. कोणाला बटन सापडत नसलं तरी नाही. काठीनं दाखवायचा. “तुहा मोबाईल, तुहा हात. आज मी दाबून देतो, उद्या दुसऱ्याले दाबाले देशीन.”

हळूहळू लोक टोकनं घेऊन जाऊ लागले. बायांनी आधी नेली. शेवंताबाईनं नवऱ्याचं टोकन नेलं तेव्हा ती रडली. फळा रिकामा होत गेला. मी शिकवणीला जायचो, मागं बसायचो, पण पिन काही बदलला नाही. मोबाईलवर मेसेजच्या ॲपला दुसरं कुलूप लावता येतं, सहा आकडी, तेही त्यानं दहा वेळा शिकवलं. मी लावलं नाही.

मग ती सकाळ आली. गोबरवाहीच्या एटीएमपाशी पेन्शनवाल्यांची रांग होती. लॅम्पबाबू माझ्या पुढं. मी जरा जवळ सरकलो असेन. तो वळला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “मांगं सरक. तुहा नंबर साऱ्या गावाले माहीत आहे. माहा पाहू नको.”

रांग हसली.

माझं डोकं फिरलं. “माहा नंबर मले कंपनीनं देला आहे,” मी म्हणालो. “तुह्या बापानं नाई. मरेपरेंत हाच ठेवीन.”

“ठेव,” तो म्हणाला. “खालीच राय.”

खाणीच्या माणसाला याहून वाईट बोलता येत नाही. मी पैसे न काढताच घरी आलो.

दुपारी भात खाऊन तंबाखू मळत बसलो होतो, तेव्हा मोबाईल वाजला. दोनशे तीनचा मेसेज. दोनशे तीन म्हणजे माझ्याबरोबर एकाच पाळीत असलेला दोस्त, आता पोराकडं तुमसरला राहतो. मी अक्षर अक्षर लावून वाचलं. ‘दादा, चुकून तुमच्या मोबाईलवर सहा आकडी नंबर आला आहे. लवकर पाठवा. खूप गरजेचं आहे.’ वर खरंच एक सहा आकडी नंबर येऊन पडला होता.

मला खटकलं. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. दोनशे तीन लिहीत नाही. त्याला लिहिता येत नाही, तो बोलून पाठवतो. आणि जन्मात त्यानं मला दादा म्हटलं नाही, ‘सतरा’ म्हणतो. ‘कायले?’ हा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आला होता. पण तो लॅम्पबाबूचा शब्द होता. मी मनात म्हणालो, मी काय लॅम्पबाबू आहो का, दोस्ताले कायले इचाराले? आणि एकेक आकडा पाहून तो नंबर पाठवून दिला.

थोड्या वेळानं माझं मेसेजचं ॲप बंद पडलं. तुमचा नंबर दुसऱ्या मोबाईलवर सुरू झाला, असं काहीसं आलं. मी मोबाईल मांडीवर आपटून पाहत होतो, तेवढ्यात माझी बायको, आमची बुढी, तिचा मोबाईल घेऊन बाहेर आली.

“तुमी अठी बसून तंबाखू मळून राहिले,” ती म्हणाली, “अन् तुमचा मेसेज माह्या मोबाईलवर येऊन राहिला.”

“कायचा?”

तिनं वाचून दाखवलं. आमचा खाणीच्या लोकांचा एक ग्रुप आहे, त्यात माझ्या नावानं आलं होतं. पेन्शनचा हयातीचा दाखला आता मोबाईलवरच होतो. एटीएम कार्डाचे दोन्ही बाजूचे फोटो मला पाठवा. मग एक सहा आकडी नंबर येईल, तोही मला पाठवा. आजच केलं नाही तर पेन्शन बंद. खाली माझं नाव. माझा फोटो, खाणीच्या टोपीतला.

पैशाची भीती नव्हती, माझ्या पैशाला तर अजून हातही लागला नव्हता. पण त्या ग्रुपमधल्या माणसांनी आजवर माझा शब्द कधी तपासून पाहिला नव्हता. मी सांगितलं म्हणजे झालं. आणि तिकडं कुठंतरी बसलेला, ज्याला मी पाहिलं नाही, पाहणार नाही, असा माणूस माझ्या तोंडानं बोलत होता.

“फोन लावा सबले,” बुढी म्हणाली.

मी सायकल काढली आणि लॅम्पबाबूकडं गेलो. त्या घरी जाताना पाय कसे उचलले ते माझं मला माहीत.

तो छपरीत सुपारी कातरत होता. मी उभ्या उभ्या सांगितलं. वाटलं होतं आता बोलेल, सकाळचं काढेल. त्यानं अडकित्ता खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, “किती वाजता?”

“अर्धा घंटा झाला असन.”

“खाली कोन कोन आहे?”

मला कळलं नाही. मग कळलं. त्यानं डोळे मिटले आणि नंबर बोलू लागला. नऊ, चौतीस, अठ्ठ्याऐंशी, एकशे बारा... ग्रुपमधला एकेक माणूस, ज्या क्रमानं खिळे होते त्या क्रमानं. आणि प्रत्येकाचं घर कुठल्या मोहल्ल्यात.

“फोन करू सबले,” मी म्हणालो.

“फोनवर तू काय सांगशीन? मी चारशे सतरा बोलून राहिलो, तो मेसेज माहा नाई? अन् ते कायले मानतीन? मीच शिकवलं आहे त्यायले, फोनवरच्या आवाजाले मानू नका म्हनून. चेहरा दाखवा लागते. सायकल आन.”

बटनाच्या फोनवरून त्यानं फक्त दोन फोन केले. एक सायबरवाल्यांच्या हेल्पलाइनला. दुसरा तुमसरला, दोनशे तीनला. त्यालाही आधी खरा आहेस का म्हणून तपासलं: “बोल, तुह्या बत्तीची काच कोनं फोडली होती?” तिकडून आवाज आला, “तूच फोडली होती, हरामखोर!” तेव्हा कुठं त्याला सांगितलं. दोनशे तीनचं ॲप सकाळपासूनच गेलं होतं. पोराला सांगायची त्याला लाज वाटली, म्हणून तो गप्प बसला होता.

मग आम्ही दोन म्हातारे एका सायकलवर. मी पुढं, तो मागं कॅरिअरवर, पाय लांब करून. ऊन असं की डांबर चाकाला चिकटत होतं. प्रत्येक दारापुढं तो मागूनच ओरडायचा, “चौतीस! कार्ड पाठवलं का?”

“नाई. का झालं?”

“पाठवू नको. हा पाहा, हा अठी आहे. तठी जो बोलून राहिला तो चोर आहे.”

मला चेहरा दाखवावा लागायचा. सायकलवरून उतरून, टोपी काढून, उभं राहायचं, खिडकीत राहायचो तसं. “मी नाई पाठवलं. माह्याकडून नंबर गेला.” हे प्रत्येक दारात बोलावं लागायचं. पहिल्या दारात जीभ उचलत नव्हती. पाचव्या दारापर्यंत उचलू लागली. लोक घाबरायचे, काही हसायचे. एक म्हणाला, “मोठा शानपना सांगत होता एटीएमपाशी!” मी ऐकून घेतलं. मागून लॅम्पबाबू नंबर कमी करत होता. “एकशे बारा वर. आता कोन?”

तीनशे चाळीसच्या दारात आम्ही उशिरा पोचलो. तोच, पहिल्या दिवशी खर्रा तोंडात राहिलेला. तो मोबाईल हातात घेऊन पायरीवर बसला होता. “मी त पाठवलं,” तो म्हणाला. “तूच त मांगतलं.” त्याच्या मोबाईलवर बँकेचा मेसेज येऊन गेला होता. लॅम्पबाबूनं त्याला तिथंच बसून कार्डाच्या मागं लिहिलेल्या नंबरवर फोन करायला लावला. जे गेलं होतं ते गेलं होतं, उरलेलं वाचलं.

“आता कोन राहिलं?” मी विचारलं.

तो त्याच आवाजात, ज्या आवाजात त्या दिवशी खिडकीतून ओरडला होता, म्हणाला, “अठ्ठ्याऐंशी खाली आहे.”

शेवंताबाईचं घर गावाच्या पार टोकाला, आणि दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, गोबरवाहीच्या बाजारात गेली. फोन लावला तर उचलत नव्हती. त्या बाईच्या घरात तिची पेन्शन, पाय मोडून खाटेवर पडलेली नणंद, आणि दुसरं काही नाही. आणि मला ठाऊक होतं की गावात बाकी कोणी थांबलं, विचार केला, तरी ती थांबणार नाही. मी तिच्या नवऱ्याला पाठीवर आणलं होतं.

सायकल तिथंच टाकून रस्त्यावर येऊन मी हात आडवा केला. भाजीवाल्याचा ऑटो थांबला. टमाटरच्या क्रेटांमधे आम्ही दोघं. लॅम्पबाबू डोळे मिटून बसला होता. मी त्याला म्हणालो, “बाबू, दुसरं कुलूप लावलं असतं त हे झालं असतं का?”

“नाई,” तो म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाजारात ती झेरॉक्सच्या दुकानाच्या सावलीत सापडली. भाजीची थैली पायाशी, कार्ड मांडीवर, मोबाईल दोन्ही हातांत धरून त्यावर वाकलेली. मी लांबूनच ओरडलो, “बाई! पाठवू नको!”

तिनं वर पाहिलं आणि हसली. “झालं भाऊजी. फोटो दोन्ही गेले. फक्त हा नंबर राहिला, आताच आला. पाठवून देतो.”

“मले नाई जाऊन राहिला तो! चोराले जाऊन राहिला!”

“चोर कायचा? तुमचा फोटो आहे ना.”

तेवढ्यात तिचा मोबाईल टिंग वाजला. माझ्या नावानं: ‘बाई, लवकर करा.’ तिनं मोबाईलकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. तिला कळेना, दोन्हींतला खरा कोणता. तिचा अंगठा काचेवर होता. मी मोबाईल हिसकायला हात घातला, आणि लॅम्पबाबूनं माझं मनगट धरलं. त्या वाळक्या बोटांत इतकी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

“सोड!” मी म्हणालो.

“तिचा मोबाईल. तिचा हात.”

“अबे पैसे जातीन!”

“आज तू हिसकशीन, त उद्या जो हिसकन त्याले बी ती देईन.” मग तिच्याकडं वळला, काठी टेकून तिच्यासमोर उकिडवा बसला. परत टिंग. ‘बाई, आहात का?’ लॅम्पबाबूनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. “शेवंताबाई, मी काय शिकवलं? कोनी बी काई बी मांगतलं त आधी काय इचारायचं?”

“कायले,” ती म्हणाली.

“मंग इचारलं का?”

ती माझ्याकडं बघत म्हणाली, “बाबू, साऱ्या जगाले इचारीन मी कायले. याले कशी इचारू? यानं माहा मानूस वर आनला.”

परत टिंग. मी टोपी काढली आणि तिला चेहरा दिसेल असा उन्हात उभा राहिलो.

“मलेच इचार,” मी म्हणालो. “सगळ्यायच्या आधी मलेच इचार, बाई.”

तिनं मोबाईल तोंडाजवळ नेला, बटन दाबून धरलं, आणि त्या चोराला, माझ्या फोटोला, आवाज पाठवला: “कायले?”

पलीकडून काहीच आलं नाही. थोडा वेळ वाट पाहिली, मग माझा फोटोच तिथून दिसेनासा झाला. पळाला. लॅम्पबाबूनं काठीनं कार्डाच्या मागचा नंबर दाखवला, तिनं स्वतः तो लावला, स्वतः बोलून कार्ड बंद केलं. फार वेळ लागला. मधे दोनदा फोन कटला. तिची पेन्शन जागच्या जागी होती. लॅम्पबाबू उठला, गुडघे झाडले, आणि बाजारातले लोक बघत असताना मोठ्यानं ओरडला, “अठ्ठ्याऐंशी वर!”

तीनशे चाळीस आजही मला राम राम करतो. पण माझ्या चुन्याच्या डबीला हात लावत नाही. मी पुढं करतो, तो नको म्हणतो. बरोबर आहे त्याचं.

माझा मोबाईल नंतर परत सुरू झाला. दुसरं कुलूप लावलं, पिन बदलला. आकडे असे ठेवले की त्यांचा खाणीशी संबंध नाही, जन्मतारखेशी नाही, कशाशीच नाही. आणि लॅम्पबाबूपुढं जाऊन उभा राहिलो. फळ्यावर तेव्हा दोन-तीनच टोकनं उरली होती.

“बदलला. दे माहं टोकन.”

“परीक्षा बाकी आहे.”

“घे मंग.”

“सांगून घेतली त परीक्षा कायची?”

मी वाट पाहिली. आज विचारेल, उद्या विचारेल. त्यानं काही विचारलं नाही. बाकीची दोन-तीन टोकनंही गेली. अख्ख्या फळ्यावर माझं एकटं टोकन, आणि जो येई तो ते पाही. मी सहा महिने त्याच्या घरी गेलो नाही. मग जाऊ लागलो. तो सुपारी कातरून द्यायचा, मी खायचो. टोकनाचं नाव आम्ही दोघंही काढत नव्हतो.

पुढच्या एका उन्हाळ्यात त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. पवनीला दिलेली त्याची पोरगी येऊन राहिली. मी रोज जायचो. एका सकाळी गेलो तर खोल आवाजात म्हणाला, “जवळ ये.”

मी खाटेजवळ वाकलो.

“नवा नंबर,” तो म्हणाला. एकेक शब्द ओढून काढत होता. “मले सांगून ठेव. तुह्या बुढीले बी माहीत नसन. कोनाले त... माहीत पायजे. सबके होते माह्यापाशी. तुहाच नाई.”

मी पोरीकडं पाहिलं. तिनं तोंड फिरवलं, डोळे पुसले. या माणसाजवळ आम्हा सगळ्यांचे नंबर होते, आणि त्यानं कधी कोणाचं काही घेतलं नाही. त्याच्या खिडकीत एकतीस वर्षं मी त्यानं विचारायच्या आधीच नंबर बोललो होतो. आता तर तो खाटेवरून उठणारही नव्हता. पहिला आकडा माझ्या तोंडात आला. ओठही उघडले.

“कायले?” मी म्हणालो.

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, मी मरत्या माणसाला लाथ मारली. मग त्याचा डावा हात गोधडीवरून उचलला गेला, आणि बोट छपरीकडं झालं. पोरीला माझ्याआधी कळलं. ती बाहेर गेली, फळ्यावरून टोकन काढून आणलं आणि त्याच्या हातात दिलं. त्यानं ते गोधडीवर घासलं, पूर्वी सदऱ्यावर घासायचा तसं, आणि माझ्यापुढं धरलं. मी हात खाली धरला, खिडकीत धरायचो तसा.

“चारशे सतरा,” तो म्हणाला. श्वास घेतला. “वर.”

ते टोकन माझ्या दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला आहे. त्या नंबरानं आता माझं एकही कुलूप उघडत नाही. म्हणून तर इथं इतक्या वेळा सांगितला.